तीन ओळींचा अर्ज

३ ऑगस्ट

प्रिय दादा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस, म्हणून पत्र. शिवाय मला जे सांगायचंय ते मी ओरडून सांगितलं तर शेजारपाजारचे धावत येतील.

आमच्या कॉलेजात 'उत्कृष्ट सेवा पुरस्कारा'चा हंगाम सुरू झालाय. आमचं कॉलेज तुला ठाऊक आहे. शाळा अर्धवट सुटलेली, नोकरी गेलेली, संसारातून उशिरा मोकळी झालेली माणसं संध्याकाळी येतात आणि हातचं काहीतरी शिकतात. शिक्षक आणि कर्मचारी मिळून वर्षाला पुरस्कार एकच. अर्ज आपला आपण भरायचा, म्हणजे आपलं कौतुक आपणच लिहायचं. ते कोणाला जमत नाही, मग सगळे माझ्या टेबलाशी. "बाई, जरा भाषा बघा ना." बावीस वर्षं मी ऑफिसात टायपिंग करते आणि बावीस वर्षं लोकांची भाषा बघते. ज्यांनी वर्षभर खडूला हात लावला नाही त्यांनाही मी 'ध्यासपर्व' वगैरे बहाल केलंय. घरी आले की हात धुते.

पण यंदा पहिल्यांदाच मला कोणासाठी तरी मनापासून लिहायचंय.

वेल्डिंगच्या वर्कशॉपला लागून हत्यारांची खोली आहे. तिला छातीइतक्या उंचीवर खिडकी. त्या खिडकीत सतरा वर्षं एक गृहस्थ बसतात. चाळिशी-पन्नाशीचे विद्यार्थीसुद्धा त्यांना खिडकीकाका म्हणतात. वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर द्यायचा, डोळ्यांपुढची काळी काच द्यायची, हातमोजे द्यायचे, वर्ग संपला की सगळं मोजून परत घ्यायचं. कागदोपत्री काम एवढंच. पण पहिल्या आठवड्यात ठिणग्यांना घाबरून जो पळायच्या बेतात असतो, तो दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दिसतो तो या खिडकीमुळे. हे शिपायापासून लायब्ररीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही.

सतरा वर्षं हंगामी! दर ३० सप्टेंबरला मुदत संपते, १ ऑक्टोबरला नवा कागद मिळतो. यंदा तो मिळणार नाही. नंबर दाबून उघडायचं लोखंडी कपाट आणलंय. विद्यार्थ्याने आपला नंबर दाबायचा, कप्पा उघडायचा, हत्यार उचलायचं. "कपाट रजा मागत नाही," असं वेल्डिंगचे विभागप्रमुख मीटिंगमध्ये म्हणाले आणि लोक हसले, दादा! काका तिथेच कोपऱ्यात उभे होते.

आता एकच वाट आहे. हंगामी माणसाला हा पुरस्कार मिळाला तर त्याला कायम करावंच लागतं. नियमावलीत आहे, ते पान मीच टाइप केलंय. अर्ज नावं झाकून बाहेरच्या परीक्षकाकडे जातात. तो कोण, हे प्राचार्य बाईंखेरीज कोणालाच माहीत नसतं. जो कोणी असेल तो असो, माझं लिहिणं त्याच्या काळजाला भिडलं पाहिजे.

काका अर्जाला तयार नाहीत. "मी काय केलंय?" म्हणतात. उद्या त्यांना खुर्चीत बसवते आणि लिहूनच घेते. वहिनीला नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय?

चिंगी

·

११ ऑगस्ट

प्रिय चिंगे,

पत्र पोचलं. वाचताना कागद गरम लागत होता. छप्पन्न वर्षांची झालीस, पण नाकाच्या शेंड्यावरचा राग काही उतरला नाही. गुडघा आहे तिथेच आहे. वहिनी म्हणते, गुडघ्यापेक्षा तोंडाला विश्रांती दे.

मी तीस वर्षं कॉलेजात काढली, त्यातली आठ प्राचार्याच्या खुर्चीत. अनुभवाने सांगतो, पुरस्कारांच्या भानगडीत फार जीव गुंतवू नये. मात्र तुझ्या त्या काकांबद्दल वाचून बरं वाटलं. अशी माणसं संस्थेला तोलून धरतात. त्यांचा अर्ज नीट लिही. तुझ्या हाताला जे येतं ते फार थोड्यांना येतं. लहानपणी माझे निबंध कोण लिहून देत असे हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आणि निकालाची काळजी करू नकोस. मला आतून वाटतंय की यंदा योग्य माणसालाच मिळेल. का वाटतंय ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाला काहीबाही वाटत असतं.

तुझा,
दादा

·

६ सप्टेंबर

दादा,

'प्रिय' लिहायच्या मनःस्थितीत नाही.

काल निकाल लागला. पुरस्कार विभागप्रमुखांना! कपाट आणणाऱ्या माणसाला! 'प्रत्येक विद्यार्थ्याच्या अडचणीची स्वतंत्र नोंद ठेवून केलेल्या वैयक्तिक मार्गदर्शनाबद्दल.' बाहेरच्या परीक्षकाने त्यांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले म्हणे. त्यांनी ऑफिसात पेढे वाटावेत तसे शेकहँड वाटले.

आता मी जे लिहिते ते नीट वाच, कारण यात माझंही तोंड काळं झालंय.

जुलैअखेर हे विभागप्रमुख माझ्याकडे दोन कागद घेऊन आले होते. टाइप केलेले सुटे मुद्दे. "ही माझी मार्गदर्शनाची पद्धत. जरा भाषा बघा." मी बघितली. म्हटलं, माणूस वाटतो तेवढा वाईट नाही. मुद्दे वाचून मला खरंच भरून आलं होतं, म्हणून हात जरा सैल सोडला. एका मुद्द्यावर मी लिहिलं, 'अंकओळख नसलेल्या एका प्रौढ विद्यार्थिनीसाठी यंत्राच्या डायलवर निगुतीने रंगखूण करून तिचा आत्मसन्मान जपला.' सुरेख वाक्य झालं होतं. माझं मीच दोनदा वाचलं.

काल संध्याकाळी काकांची समजूत घालायला खिडकीशी गेले. ते आत हातमोजे मोजत होते. खिडकीच्या फळीवर त्यांची देवघेवीची वही उघडी होती. दर माणसामागे एक पान. कोणी काय नेलं, कधी परत केलं. आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात, 'आक्का. आकडे कळत नाहीत. डायलवर लाल ठिपका लावला. कोणासमोर विचारू नये.' पान उलटलं, 'उंच गडी. ठिणगी उडाली की डोळे मिटतो, जुना अपघात. आधी आखणी-मापांचे थंड काम द्यावे.' पुढच्या पानावर, 'चष्मेवाले आजोबा. डावा हात थरथरतो. हलका होल्डर बाजूला ठेवणे.'

दादा, हे मी आधी वाचलं होतं! मुद्दा तोच, क्रमही तोच. मी विचारलं, "काका, ही वही कोणी नेली होती का?" ते म्हणाले, "जुलैत साठा तपासायचा म्हणून साहेबांनी दोन दिवस नेली होती." असं म्हणाले, जसं कोणी पाऊणला बस येते म्हणून सांगावं.

म्हणजे चोराने माल आणला आणि मी त्याला पॉलिश करून दिलं.

आणि काकांचा अर्ज? मी लिहून घ्यायला बसले तेव्हा ते तीन वाक्यं बोलले आणि थांबले. 'मी हत्यारं देतो. हत्यारं परत घेतो. सतरा वर्षांत एकही हत्यार हरवलं नाही.' मी म्हटलं, अहो पुढे? ते म्हणाले, "बाई, याच्यापुढे तुम्ही लिहाल ते छान असेल, पण ते माझं नसेल." त्या माणसापुढे मला जोर करवेना. आयुष्यात एकदाच मी भाषा बघितली नाही, आणि नेमकी तिथे.

कोण तो परीक्षक, त्याला एकदा समोर बघायचंय. तीन ओळी वाचून त्याला एवढंही कळू नये?

चिंगी

·

१० सप्टेंबर

प्रिय चिंगे,

तुझं पत्र वाचून फार अस्वस्थ झालो. दोन दिवस काही लिहवेना.

जे झालं त्यात तुझा दोष नाही. परीक्षकाचाही कदाचित असेल तितका नसेल. त्याच्यासमोर नुसते कागद असतात, माणसं नसतात. पाचव्या अर्जात तीनच ओळी आहेत असं दिसल्यावर एखाद्याचा गैरसमज होऊ शकतो.

तू एवढ्यात कोणाला काही बोलू नकोस. नोकरीची दोन वर्षं राहिलीत. मी जरा विचार करतो.

तुझा,
दादा

·

१४ सप्टेंबर

दादा,

काकांचा अर्ज पाचवा होता हे तुला कसं कळलं?

मी लिहिलं नव्हतं. माझी दोन्ही पत्रं शब्दन्‌शब्द मला आठवतात, टायपिस्टची खोड आहे ती. अर्जांना क्रमांक प्राचार्य बाई स्वतः देतात, पाकीट बंद करताना. मलाही ठाऊक नव्हते. तुझं पत्र वाचलं, तशीच उठले, बाई जेवायला गेल्यावर त्यांच्या कपाटातून फाईल काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा असलं काम केलं. गुणपत्रकाखाली तुझी सही. ती गोल, शेपटीवाली, जी करायला तू आरशासमोर शिकला होतास.

तू! सख्खा भाऊ! मला पत्र लिहून विचारतोस गुडघ्याचं आणि निबंधांचं, 'आतून वाटतंय' म्हणतोस, आणि टेबलावर माझ्या कॉलेजचे अर्ज पसरलेले!

गुण मी बघितले. तीन नंबरला अठ्ठ्याण्णव. पाच नंबरला अकरा. आणि शेजारी तुझ्या हातचा शेरा, 'अर्जदारास पुरस्काराचे गांभीर्य नाही.' ज्या माणसाने सतरा वर्षांत एक हातोडी हरवू दिली नाही त्याला गांभीर्य नाही! अकराच का दिलेस? दहा दिले असतेस तर हिशोबाला सोपं गेलं असतं.

काकांना मी काय सांगू? की ज्याने तुमच्या पोटावर पाय दिला तो माझा दादा आहे, लहानपणी ताप आला की माझ्या उशाशी बसून राहायचा तो? मला लाज वाटते आहे, दादा. आणि तू मला गप्प बस म्हणून लिहितोस, माझ्या नोकरीच्या काळजीने की तुझ्या?

उत्तर द्यायचं तर खरं दे. नाहीतर पोस्टाचा खर्च वाचव.

चिंगी

·

१८ सप्टेंबर

प्रिय चिंगे,

खरं लिहितो.

परीक्षक म्हणून पत्र आलं ते जुलैत. गुप्त ठेवायची अट होती. तुला सांगायचं नाही असं ठरवलं आणि मनातून जरा सुखावलोही. निवृत्त माणसाला अजून कोणीतरी विचारतं, एवढंच त्यात सुख.

मग तुझं तीन ऑगस्टचं पत्र आलं. चार दिवसांनी पाकीट आलं, पाच अर्ज. तिसरा उघडला आणि दुसऱ्या ओळीला तुझा हात ओळखला. 'निगुतीने' हा शब्द आता तुझ्याशिवाय कोण लिहितं? हत्यारं, डायल, थरथरता हात, होल्डर. मी म्हटलं, हेच ते खिडकीकाका. चिंगीने जीव ओतून लिहिलंय. दोन गुण राखून ठेवले ते फक्त कोणाला संशय येऊ नये म्हणून. पाचवा अर्ज तीन ओळींचा, तो मी वाचलाही नाही, नुसता उलटला. वाटलं, कोणा शिपाई-कारकुनाने वेळ घालवायला भरलेला. त्याला मुद्दाम खाली ढकललं, तुझ्या काकांच्या वाटेत कोणी येऊ नये म्हणून.

म्हणजे बघ, मी लबाडी केली, आणि ती त्यांच्यासाठी केली, आणि तिने त्यांचाच गळा कापला. मी सरळ वागलो असतो, दोन्ही अर्ज एकाच मापाने वाचले असते, तर निदान तो शेरा तरी मारला नसता. तू काळजीबद्दल विचारलंस. माझ्याच नोकरीच्या, म्हणजे माझ्या नावाच्या, काळजीने तुला गप्प बस म्हटलं होतं. तुझी काळजी नंतर सुचली.

आज प्राचार्य बाईंना पत्र टाकलं. त्यात सगळं लिहिलं. की तिसऱ्या अर्जाचं लिखाण माझ्या बहिणीचं आहे हे मी ओळखलं होतं, मी पक्षपात केला, माझे गुण रद्द समजावेत, आणि त्या अर्जातला मजकूर खिडकीवरच्या वहीतून उचललेला आहे. बाईंशी फोनवरही बोललो. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, मूळ वही पुरस्काराच्या समितीपुढे आली तर तो काकांना देता येईल, नियमात बसतं. तेवढी वही मिळव. माझं नाव त्यांनी परीक्षकांच्या यादीतून काढलंय, ते योग्यच केलं.

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तुझी बाजू घेऊन बसली आहे.

दादा

·

२३ सप्टेंबर

दादा,

पत्र पोचलं. राग उतरला असं समजू नकोस, पण तू पत्र टाकलंस हे बरं केलंस. वहिनीला म्हणावं, तिसऱ्या दिवशी बोल.

काका वही देत नाहीत.

मी आनंदाने धावत खिडकीशी गेले होते. म्हटलं, काका, सुटलो, वही द्या, कायम व्हाल. त्यांनी वही उचलली आणि मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "बाई, यात हत्यारांचं आहे ते माझं. बाकीचं यांचं आहे. यांनी मला सांगितलं, समितीला नाही सांगितलं."

मी पुष्कळ डोकं आपटलं. म्हटलं, अहो, साहेबांनी तर ते केव्हाच छापून पाठवलंय! ते म्हणाले, "त्यांनी पाठवलं ते वाईट झालं. तेच मी करू?" मी म्हटलं, सात दिवसांनी घरी बसाल. ते म्हणाले, "बसीन." मग मला म्हणाले, "एक काम करा माझं. कार्यक्रमात ते मानपत्र मोठ्याने वाचतात ना? आक्का पहिल्या रांगेत बसते. तिचं ते वाक्य वाचू देऊ नका."

दादा, ते वाक्य माझं आहे. 'आत्मसन्मान जपला' हे मी लिहिलं, आणि तेच भरल्या सभागृहात माइकवरून ऐकवणार होते. कोणाला कळलं नसतं? वर्गात बायका चार, त्यात इस्पितळात फरशी पुसणारी आक्का एकटीच. मला त्या वेळी हे सुचलंही नाही. मला फक्त वाक्य सुरेख झालेलं दिसत होतं.

मी तशीच प्राचार्य बाईंकडे गेले. म्हटलं, वही मिळणार नाही, का मिळणार नाही तेही सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. मग निर्णय दिला. यंदा 'तांत्रिक कारणामुळे' पुरस्कार कोणालाच नाही. कार्यक्रम रद्द. विभागप्रमुखांवर? काही नाही. "पुरावा नसताना मी काय करू?" म्हणे. चोरी करणारा खुर्चीत, आणि ज्याच्याकडून चोरलं तो घरी. हा कुठला न्याय, तूच सांग, तू आठ वर्षं त्या खुर्चीत बसला होतास!

तीस तारखेला काकांची मुदत संपते. त्यांच्या सुटकेचा कागदही मलाच टाइप करायचाय.

चिंगी

·

२६ सप्टेंबर

प्रिय चिंगे,

काकांना पुन्हा एकदा समजाव. नावं कागद चिकटवून झाकता येतील. नुसतं अक्षर आणि तारखा समितीला दाखव. एवढ्याने कोणाची बदनामी होत नाही.

असं काल लिहिलं होतं. पत्र बंद केलं नव्हतं. आज वाचलं आणि माझीच मला चीड आली. मी अजून कागदच झाकतो आहे. त्यांचं म्हणणं मला तुझ्या पत्रातून समजायला हवं होतं, ते समजायला एक रात्र जावी लागली.

तुला एक सांगतो. माझ्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ होते. मी लागलो तेव्हापासून मी सुटलो तोपर्यंत. परीक्षेच्या दिवशी कोणाचा हात भाजला, कोणाला चक्कर आली, सगळं तेच बघायचे. मी प्राचार्य असताना आठ पुरस्कार वाटले. त्यांचं नाव एकदाही पुढे आलं नाही. काल दुपारभर आठवत बसलो आणि मला त्यांचं नावच आठवेना. वहिनीला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, वर त्यांच्या मुलीचंही सांगितलं. वहिनी कॉलेजात फक्त स्नेहसंमेलनाला यायची.

कुठला न्याय, असं विचारतेस. त्या खुर्चीत बसून मी हाच करत आलो, चिंगे. सवयीने.

तीस तारखेला काकांना माझा नमस्कार सांग. मी कोण तेही सांग. लपवू नकोस.

दादा

·

६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

आज सावकाश लिहिते, कारण सांगायचं पुष्कळ आहे.

तीस तारखेला सहा वाजता काकांनी शेवटची हत्यारं परत घेतली. मोजली. मग वही फाडायला घेतली. मी ओरडलेच. पण ते पान पान नीट पट्टी लावून फाडत होते, आणि ज्याचं पान त्याच्या हातात देत होते. "तुझं तुझ्याकडे ठेव," एवढंच म्हणत. एकतीस माणसं, एकतीस पानं. शेवटी पुठ्ठा उरला तो त्यांनी पिशवीत टाकला. मी तुझा नमस्कार सांगितला आणि तू कोण तेही सांगितलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, तीन ओळी वाचायला वेळ लागत नाही, म्हणून लोक वाचत नाहीत." रागाने नाही म्हणाले. मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

मी ऑफिसला कुलूप लावत होते तेव्हा आक्का आली. हातात पान. कॉरिडॉरच्या टोकाला नेऊन म्हणाली, "बाई, काकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवता?" मी वाचलं. 'आकडे कळत नाहीत. डायलवर लाल ठिपका लावला. कोणासमोर विचारू नये.' ती शेवटची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग मला राहवेना. अर्ज, चोरी, समिती, काकांनी वही का दिली नाही, सगळं बोलून बसले. माझं ते वाक्यही सांगितलं, आणि माफी मागितली. ती पानाची घडी करून निघून गेली. मला वाटलं, आता ही परत येत नाही, हिलाही आपणच घालवलं.

एक तारखेला संध्याकाळी वर्कशॉपमध्ये ते लोखंडी कपाट दिमाखात उभं. विभागप्रमुख शेजारी. "सोपं आहे. आपापला नंबर दाबा." एकतीसजण समोर उभे राहिले आणि कोणी हलेना. एकजण म्हणाला नंबर विसरलो. दुसरा म्हणाला, मीपण. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. विभागप्रमुखांचा आवाज चढला, तसे प्राचार्य बाईंना बोलावणं गेलं. त्यांच्यामागून मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "काय अडचण आहे?"

आक्का पुढे आली. इस्पितळातून तशीच आली होती, अंगावर कामाचे कपडे. म्हणाली, "बाई, मला आकडे येत नाहीत. अक्षरंही येत नाहीत. नवऱ्याला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. लेक अभ्यासाला बसली की मी चुलीशी काम काढते. त्या खिडकीतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्याने कोणाला सांगितलं नाही. आता नोकरी गेली तरी सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. हे कपाट मी कसं उघडू?"

आणि तिने ते पान बाईंच्या हातात दिलं.

 मग तो उंच गडी पुढे आला. दोन पोरांचा बाप. म्हणाला, "मी ठिणगीला घाबरतो." पान दिलं. मग चष्मेवाले आजोबा. त्यांनी डावा हात बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता, आणि त्या हातातलं पानही. मग रांगच लागली. बाईंनी तीन पानं वाचली. चौथं उघडलं आणि घडी करून परत केलं. "नको. ठेवा तुमच्याकडे सगळ्यांनी," म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसत बसल्या. मग विभागप्रमुखांकडे वळल्या. "तुमच्या अर्जातली प्रौढ विद्यार्थिनी कोण, ते सांगा." ते आक्काकडे बघून म्हणाले, "याच." बाई म्हणाल्या, "ते आत्ता मलाही कळलं. दुसरी नोंद कोणाची होती? तिसरी?" ते कपाटाकडे बघत राहिले. दोन वर्षं त्या वर्गाला शिकवतात, आणि एक माणूस ओळखता आला नाही!

एवढं झालं तरी मी चिडलेलीच आहे, हे लिहून ठेव. विभागप्रमुखांना नुसता ठपक्याचा कागद मिळाला, खुर्ची शाबूत आहे. काकांचं कायम होणं समितीपुढे पुढच्या आठवड्यात आहे. बाई म्हणतात होईल. होईल म्हणजे काय, सतरा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं! आणि आक्काला हे सगळं चारचौघांत बोलावं लागलं, तेव्हा कुठे आम्हाला दिसलं. याची भरपाई कुठल्या पुरस्काराने होणार? मी तिला विचारलं, शिकवू का? म्हणाली, शिकवा, पण लेकीला आधी मी सांगते. बुधवारपासून अर्धा तास आधी येते.

काल, सोमवारी, काका आले. हंगामी कागदावर का होईना. मी मुद्दाम वर्कशॉपपाशी जाऊन उभी राहिले होते, म्हटलं निदान आज तरी लोक टाळ्या वाजवतील. कोणी वाजवल्या नाहीत. कोणाला सवडच नव्हती. खिडकीपुढे रांग लागली होती, दारापर्यंत.

चिंगी